गोमा पडलं तेव्हा निळी टोपी काय करत होती?

एका विद्यार्थ्याने परवा मला तीन प्रश्न लिहून पाठवले. जानेवारी २०२५ मध्ये काँगोतलं गोमा शहर एम-२३ या बंडखोर गटाच्या हाती गेलं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे, म्हणजे निळ्या टोपीतले, सुमारे ११ हजार सैनिक त्या देशात होते. मग ही शांतिसेना असून नसल्यासारखीच नाही का? यापुढे हे काम नाटोसारख्या लष्करी आघाड्यांनी किंवा त्या-त्या भागातल्या देशांनी मिळून करावं, हे जास्त शहाणपणाचं नाही का? आणि भारताने आपली पोरं अजून तिथे कशासाठी पाठवायची?

तिन्ही प्रश्नांत राग आहे, आणि तो रास्त आहे. मी पायदळातून निवृत्त झालो. उत्तर किवू प्रांतात, म्हणजे गोमाच्याच परिसरात, एक कंपनी घेऊन वर्षभर डोंगरात राहिलो आणि पुढे मुख्यालयात नियोजनाचं कामही केलं. गोमा पडल्याची बातमी आली त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हा जे लिहितोय ते लांबून बघणाऱ्याचं मत नाही, आणि शांतिसेनेची वकिलीही नाही.

आधी एक घोळ सोडवतो. लष्करी आघाडी आणि शांतिसेना या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातम्यांत त्या सर्रास एका पारड्यात टाकल्या जातात. आघाडी म्हणजे शत्रूविरुद्धचं वचन. नाटोच्या कराराचं पाचवं कलम सांगतं की एका सदस्यावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा हल्ला. हे कलम आजवर एकदाच लागू झालं, सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये त्या आघाडीत शिरले, कारण त्यांना समोर कोण आहे हे स्पष्ट दिसत होतं. शांतिसेनेला शत्रू नसतो. ती उभी राहते ती तीन गोष्टींवर: भांडणाऱ्यांची संमती, निःपक्षपातीपणा, आणि स्वसंरक्षण किंवा नेमून दिलेलं काम वाचवण्यापुरताच शस्त्राचा वापर. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत शांतिसेना हा शब्दसुद्धा नाही. सहावं प्रकरण वाटाघाटींचं, सातवं बळाच्या वापराचं. सरचिटणीस डाग हामरशोल्ड म्हणत की आपलं काम साडेसहाव्या प्रकरणात बसतं. ते 'साडेसहा' मी प्रत्यक्ष जगलोय. हातात बंदूक असते, पण बंदुकीच्या जोरावर तुम्ही तिथे नसता.

संमती म्हणजे काय, हे मराठी वाचकाला कोरियाच्या गोष्टीतून चांगलं कळेल. १९५३ ला युद्ध थांबलं तेव्हा सुमारे २३ हजार युद्धकैदी असे होते की जे आपल्या देशात परत जायला तयार नव्हते. त्यांचा ताबा कुणाकडे द्यायचा? दोन्ही बाजूंना चालेल असा देश भारत होता. आपली 'कस्टोडियन फोर्स' गेली, तिचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. पण दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायचं नाकारलं. मग इंचॉनच्या बंदरातून आपल्या जवानांना हेलिकॉप्टरने उचलून थेट दोन सैन्यांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं गेलं. काम पार पडलं, कारण एका माणसाने नकार दिला तरी युद्धाच्या दोन्ही बाजूंनी कागदावर सह्या केल्या होत्या आणि त्या सह्यांच्या मागे उभ्या असलेल्या मोठ्या सत्तांनाही ते प्रकरण मिटायला हवं होतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. गोमाचं सगळं उत्तर तिच्यातच आहे.

आता उत्तर किवूकडे येतो.

गोमा हे किवू सरोवराच्या काठचं शहर. रस्ता ओलांडावा तशी रवांडाची सीमा ओलांडता येते. डोक्यावर न्यिरागोंगो ज्वालामुखी. २००२ मध्ये त्याचा लाव्हा शहरातून वाहत गेला होता, त्यामुळे अंगणं, कुंपणं, घरांचे पाये, सगळं काळ्या दगडाचं. लोक चुकुडू नावाच्या लाकडी दुचाकीवरून बटाटे आणि कोळशाची पोती ढकलत नेतात. शहर सोडून पश्चिमेला साकेपर्यंत गेलात की मासिसीचे डोंगर सुरू होतात. हिरवेगार, ढगांत बुडालेले, कोकणातून घाट चढताना पावसाळ्यात दिसतात तसे. आमचा तळ अशाच एका टेकडीवर होता. वाळूच्या गोण्या, तारेचं कुंपण, प्लास्टिकची पाण्याची टाकी आणि खाली आठवडी बाजार. कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर सरपणाची मोळी वाहणाऱ्या बाया रोज आमच्या फाटकासमोरून जायच्या. आमच्या एका गस्तीची वेळ आम्ही त्यांच्या सरपणाच्या वेळेला जोडली होती. एवढ्या साध्या बदलाने त्या वाटेवर होणारे अत्याचार कमी झाले. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

ही शहाणीव आम्हाला आयती मिळाली नव्हती. तिची किंमत आमच्या आधी किवांजाने मोजली होती. गोमाच्या उत्तरेला रुत्शुरूजवळ हे गाव आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये लॉरां न्कुंडाच्या सीएनडीपी गटाने तिथे सुमारे दीडशे माणसं घराघरांतून ओढून मारली. शांतिसेनेचा तळ तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होता, आणि त्या तळावर भारतीय सैनिक होते. मानवाधिकार संघटनांनी त्यावर कडक अहवाल लिहिला. आपल्यातल्या अनेकांना तो झोंबला. मला तो आजही बरोबर वाटतो. सैनिक भित्रे नव्हते. त्यांना समजतच नव्हतं की गल्लीपलीकडे काय चाललंय. स्थानिक भाषा कुणाला येत नव्हती, गावातल्या माणसाशी सरळ ओळख नव्हती, आणि संख्या इतकी तुटपुंजी की तळ, विस्थापितांची छावणी आणि सुटकेच्या मोहिमा एकाच वेळी सांभाळायच्या होत्या. शेकडो माणसांचा जीव एका दुभाषावर टांगलेला असू शकतो, हे तिथे शिकायला मिळालं.

त्यानंतर बदल झाले. प्रत्येक दुर्गम तळावर स्थानिक संपर्क सहायक नेमले गेले. गावच्या मुखियांकडे, पाद्र्यांकडे, शिक्षकांकडे मोबाइल आणि आमचे नंबर दिले गेले. नागरी अधिकारी आणि सैनिक यांची मिश्र पथकं गावोगाव जाऊन 'तुम्हाला भीती कुणाची वाटते, कधी वाटते, कुठल्या वाटेवर वाटते' असे प्रश्न विचारू लागली. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आमच्या तळावरची सगळ्यात मोलाची वस्तू माझ्या दृष्टीने मशीनगन नव्हती. नंबरांची एक वही होती. गावाचं नाव, माणसाचं नाव, दोन नंबर, आणि शेजारी पेन्सिलने लिहिलेलं: 'कोणत्या झाडाखाली सिग्नल मिळतो'.

एका रात्री दीडच्या सुमाराला त्या वहीतल्या एका शाळामास्तरांचा फोन आला. आमच्या दुभाषाने तो घेतला. स्वाहिलीतून इंग्रजीत, माझ्याकडून हिंदीत, आणि मग सुभेदार साहेबांकडून जवानांपर्यंत, अशी त्या एका वाक्याची यात्रा झाली: बंदूकवाले वरच्या पाड्यात उतरलेत. आम्ही निघालो. अंतर जेमतेम १८ किलोमीटर. पावसाने रस्ता खचलेला, गाड्या चिखलात रुतत होत्या, शेवटचा टप्पा पायी. पोहोचलो तेव्हा उजाडलं होतं आणि अकरा झोपड्या जळत होत्या. गावात एकही माणूस नव्हता. माझ्या पोटात खड्डा पडला. मग केळीच्या बागेतून एकेक जण बाहेर यायला लागला. आम्हाला फोन केल्यावर मास्तरांनी शेजारच्या दोन वस्त्यांनाही फोन केले होते, आणि सगळे वेळेत रानात गेले होते. आमच्या बंदुकीतून एक गोळी सुटली नाही. त्या दिवसाच्या अहवालात 'जीवितहानी नाही' एवढे दोनच शब्द आले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या दोन शब्दांत आहे. मेलेल्यांची संख्या जगाला कळते. न मेलेल्यांची मोजणी कुणी ठेवत नाही.

उरलेलं निम्मं उत्तर कडू आहे, आणि ते टाळणं अप्रामाणिक होईल.

गोमा याआधीही पडलं होतं. २० नोव्हेंबर २०१२. तोच एम-२३ गट. शहरात संयुक्त राष्ट्रांचे सुमारे दीड हजार सैनिक होते. काँगोचं स्वतःचं सैन्य पळालं, आणि शांतिसेना विमानतळ धरून बसली. जगभर छीःथू झाली. पुढे मार्च २०१३ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २०९८ करून 'फोर्स इंटरव्हेन्शन ब्रिगेड' उभी केली: दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावीचे सुमारे तीन हजार सैनिक, आणि बंडखोरांवर स्वतःहून चाल करण्याची उघड परवानगी. शांतिसेनेच्या इतिहासात ही नवी गोष्ट होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये एम-२३ ने हत्यारं टाकली. तेव्हापासून अनेकांनी असा धडा घेतला की जरा दम देणारी फौज पाठवली की काम होतं.

तो धडा अर्धाच होता. त्या एका वर्षात आणखी काय घडलं ते बघा. एम-२३ ला रवांडाचं पाठबळ असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्याच तज्ज्ञगटाने मांडलं होतं. त्यावरून अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स यांनी रवांडाची काही मदत रोखली किंवा लांबवली. फेब्रुवारी २०१३ मध्ये आदिस अबाबात त्या प्रदेशातल्या ११ देशांनी एकमेकांच्या बंडखोरांना पोसणार नाही अशा करारावर सह्या केल्या. म्हणजे मागची रसद आटली, वरून दबाव आला, आणि मग समोरून ब्रिगेड चालून गेली. या तीनपैकी ब्रिगेड तेवढी छायाचित्रात दिसते, म्हणून श्रेय तिला मिळालं.

२०२५ मध्ये ब्रिगेड कागदावर होतीच. बाकीचं चित्र मात्र पार बदललेलं होतं. २०२१ च्या अखेरीला एम-२३ पुन्हा उभा राहिला. २०२४ च्या मध्यावर तज्ज्ञगटाचा अंदाज होता की रवांडाचे तीन ते चार हजार सैनिक काँगोच्या भूमीवर आहेत. त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी मासिसीतलं रुबाया बंडखोरांनी घेतलं. तुमच्या हातातल्या मोबाइलमधल्या कपॅसिटरला जो टँटलम लागतो, त्याचं खनिज म्हणजे कोल्टन, आणि रुबाया ही त्याची जगातल्या मोठ्या खाणींपैकी एक. आणि याच काळात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, युरोपीय संघाने रवांडाशी कच्च्या खनिजांबाबत सामंजस्य करार केला होता. मोझांबिकच्या काबो देल्गादो प्रांतात रवांडाचं सैन्य दहशतवाद्यांशी लढत होतं आणि युरोप त्यासाठी पैसे देत होता. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेला सर्वाधिक सैनिक पुरवणाऱ्या पहिल्या काही देशांत रवांडा आहे. एकाच राजधानीचं सैन्य मध्य आफ्रिकेत निळ्या टोपीत पहारा देतं, मोझांबिकमध्ये मित्र म्हणून लढतं आणि किवूत सीमा ओलांडतं. त्यांना दटावायचं कुणी? ज्यांना दटावणं शक्य होतं, त्या प्रत्येकाचं काही ना काही त्यांच्याकडे अडकलेलं होतं. सुरक्षा परिषदेने रवांडाचं नाव घेऊन 'सैन्य मागे घ्या' असं सांगणारा ठराव २७७३ मंजूर केला तो २१ फेब्रुवारी २०२५ रोजी. तोवर गोमाच नव्हे, दक्षिण किवूची राजधानी बुकावूही गेलं होतं.

आणि यजमानाची संमती? तीही झिजली होती. जुलै २०२२ मध्ये गोमा, बुटेंबो इथे लोकांचे संतप्त जमाव शांतिसेनेच्याच तळांवर चालून गेले. बुटेंबोत आपल्या सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान त्यात गेले. काँगो सरकारनेच मिशनला देशातून निघायला सांगितलं होतं. जून २०२४ अखेर दक्षिण किवूतून ते निघालंही. ज्या पाहुण्याला घरमालकाने बोचकं बांधायला सांगितलंय, त्याच्याकडून घराचा दरवाजा अडवून उभं राहण्याची अपेक्षा करणं कठीण आहे. तरीही साकेच्या आणि गोमाच्या लढाईत शांतिसैनिक लढले आणि मेले. त्यात उरुग्वेचे होते, दक्षिण आफ्रिकेचे होते. शहर पडल्यावर शस्त्रं टाकलेल्या काँगोच्या शेकडो सैनिकांना आणि नागरिकांना त्याच तळांच्या कुंपणाआड आसरा मिळाला. तिथे ते आठवडेच्या आठवडे दाटीवाटीने राहिले, आणि एप्रिलच्या शेवटी रेड क्रॉसने त्यांना किन्शासाकडे नेईपर्यंत ते फाटक बंद राहिलं. निळी टोपी काय करत होती, याचं हे उत्तर: शहर तिला वाचवता आलं नाही, कुंपणाच्या आत आलेला माणूस तिने बाहेर दिला नाही.

आता दुसरा प्रश्न. प्रादेशिक आघाड्यांना करू द्या. तुम्हाला वाटतं की हे अजून करून बघायचं आहे, पण किवूत ते दोनदा करून झालंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदायाची फौज आली: केनिया, बुरुंडी, युगांडा, दक्षिण सुदान. ती लढत नाही म्हणून काँगो सरकार नाराज झालं आणि वर्षभरात, डिसेंबर २०२३ मध्ये, तिला निरोप दिला. लगेच दक्षिण आफ्रिकी विकास समुदायाची फौज आली, लढण्याचा आदेश घेऊन. जानेवारी २०२५ मध्ये तिचे सैनिक मारले गेले, उरलेले आपल्याच तळांत कोंडले गेले, आणि १३ मार्चला त्या समुदायाने मिशन गुंडाळायचं ठरवलं. त्याच्याही आधी काँगोने रुमानियाचे भाडोत्री सैनिक आणले होते. गोमा पडल्यावर त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या तळात आश्रय घेतला आणि रवांडामार्गे मायदेश गाठला. म्हणजे तिथे निळी टोपी, शेजाऱ्यांची आघाडी आणि पैसे घेऊन लढणारे, असे सगळे पर्याय एकाच लढाईत तपासून झाले. एकही टिकला नाही.

शेजाऱ्याच्या फौजेत एक अंगचा दोष असतो, आणि तो गावाकडे शेतीच्या बांधावरून भांडणं पाहिलेल्या कुणालाही कळेल. शेजाऱ्याला प्रश्न माहीत असतो हे खरं, पण त्याची जमीनही त्याच बांधाला लागून असते. पूर्व काँगोत युगांडा, बुरुंडी आणि रवांडा तिघांचे हितसंबंध आहेत. त्यांच्यातल्या कुणाला पंच नेमायचं म्हणजे दुसऱ्याला मैदानात बोलावणं.

साहेलचा, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्याचा, अनुभव तर आणखी बोलका आहे. मालीत २०१३ पासून संयुक्त राष्ट्रांची 'मिनुस्मा' होती. तीनशेहून अधिक शांतिसैनिक तिथे गेले. जून २०२३ मध्ये तिथल्या लष्करी सरकारने 'ताबडतोब निघा' म्हटलं आणि परिषदेला मान तुकवावी लागली. ऑक्टोबरअखेर किदालचा तळ सोडून निघालेल्या ताफ्याचे तीसहून अधिक सैनिक वाटेतल्या सुरुंगांनी जखमी झाले. एखादं मिशन उभं करणं जितकं अवघड, तितकंच ते मोडणंही, हे तेव्हा कळलं. माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतःची आघाडी केली, नंतर पश्चिम आफ्रिकेच्या 'इकोवास' समुदायातून बाहेर पडले, रशियाची माणसं बोलावली. फ्रेंच गेले, संयुक्त राष्ट्रं गेली, हिंसा गेली नाही.

मग नाटो? बोस्नियाचा दाखला नेहमी देतात, आणि तो दमदार आहे. १९९२ मध्ये युगोस्लाव्हियात संयुक्त राष्ट्रांची 'अनप्रोफोर' गेली, तिचे पहिले सेनापती मराठा लाइट इन्फंट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. १९९३ मध्ये परिषदेने स्रेब्रेनित्सासह काही शहरं 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केली. ती खरोखर सुरक्षित ठेवायला ३४ हजार सैनिक लागतील असा लष्करी अंदाज होता. देशांनी मंजूर केले ७ हजार ६००. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्याच वर्षाच्या शेवटी नाटोची ६० हजारांची फौज उतरली आणि शांतता टिकली. पण ती उतरली बोस्नियातलं युद्ध थांबवणाऱ्या डेटनच्या करारानंतर. आकडा आणि करार दोन्ही एकदम आले. आठ हजारांच्या आत सैनिक देऊन 'सुरक्षित' हा शब्द वापरणाऱ्यांचं मला आजही आश्चर्य नाही, संताप येतो. लोक त्या शब्दावर विश्वास ठेवून त्या गावात थांबले होते.

आता बदलत्या जगाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नांच्या तळाशी तेच आहे. २०१४ मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात मिशन सुरू झालं, त्यानंतर परिषदेने एकही मोठी नवी शांतिसेना उभी केलेली नाही. लेबनॉनमधलं, १९७८ पासूनचं, आपल्या पलटणींना घरच्यासारखं झालेलं 'युनिफिल' ३१ डिसेंबर २०२६ ला संपणार, असा ठराव ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. शांतिसेनेचं २०२४-२५ चं बजेट ५.६ अब्ज डॉलर होतं; जगाने २०२४ मध्ये सैन्यावर केलेला खर्च २,७१८ अब्ज डॉलर. तेवढेही पैसे वेळेवर येत नाहीत, म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं की शांतिसैनिकांत सुमारे एक चतुर्थांश कपात करावी लागेल, म्हणजे १३ ते १४ हजार माणसं परत. ही कपात मला कागदावरच्या आकड्यासारखी दिसत नाही. कुठल्या टेकडीवरचा तळ आधी उठणार, कुठली गस्त बंद होणार, कुठली वही कपाटात जाणार, हे दिसतं.

त्या जागी काय येतंय? परिषद शिक्का देते आणि काम इच्छुक देशांच्या गटाला सोपवते. हैतीसाठी केनियाच्या नेतृत्वाखालच्या पोलिसांच्या दलाला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ते २०२४ मध्ये गेलं. अडीच हजारांचं ठरलं होतं, जेमतेम हजारभर पोहोचले, कारण पैसे ऐच्छिक देणगीतून यायचे होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ठराव २८०३ ने गाझासाठी आंतरराष्ट्रीय स्थिरीकरण दलाला परवानगी दिली. तेही निळ्या टोपीचं नाही, आणि त्या मतदानात रशिया आणि चीन तटस्थ राहिले. काँगोतही जून २०२५ चा काँगो-रवांडा करार वॉशिंग्टनमध्ये झाला आणि त्याच्या शेजारी खनिजांचा विषय बसलेला होता. मोठ्या सत्ता मध्यस्थी करतात याला माझी हरकत नाही. सह्यांच्या मागे ताकद हवीच, हे मी वर म्हटलंय. पण इच्छुक देशांच्या दलात एक जबाबदारी गळून पडते. निळ्या टोपीतला सैनिक चुकला तर चौकशी होते, अहवाल निघतो, किवांजासारखा तो जगासमोर येतो, आणि पुढच्या तुकडीच्या हाती फोन दिला जातो. या नव्या दलांचा अहवाल कुणी कुणाला द्यायचा, हे बहुतेक वेळा धूसरच असतं.

तिसरा प्रश्न, भारताचा. आजवर दोन लाख ९० हजारांहून अधिक भारतीयांनी संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली काम केलंय आणि सुमारे १८० जण परतले नाहीत. इतकं बलिदान दुसऱ्या कुठल्याही देशाचं नाही. १९६१ मध्ये याच काँगोत, एलिझाबेथव्हिलच्या विमानतळाजवळ कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी मूठभर गुरखा जवानांनिशी मोठ्या तुकडीवर चाल केली; शांतिसेनेत परमवीरचक्र मिळालेले ते एकमेव. आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात, कुठल्याही निळ्या टोपीविना, दोन सरकारांतल्या करारावर आपण फौज पाठवली. अडीच-पावणेतीन वर्षांत ११०० हून अधिक जवान गेले. शांतता राखायला गेलेली फौज बघता बघता युद्धातला पक्ष झाली. म्हणून २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारताकडे सैन्य मागितलं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाविना पाठवणार नाही, असं वाजपेयी सरकारने सांगितलं. तो निर्णय मी त्या वेळी मेसमध्ये बसून ऐकला होता. काही तरुण अधिकारी नाराज झाले होते. श्रीलंका पाहिलेले आमचे ज्येष्ठ मात्र गप्प बसून ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची सुटका मला अजून आठवते.

तेव्हा माझं मत असं: जायचं, पण हल्ली जातो तसं नाही. २०११ मध्ये भारताने काँगोतली आपली लढाऊ हेलिकॉप्टरं काढून घेतली. मायदेशात गरज होती, निर्णय समजण्यासारखा होता. पण पलटण तिथे राहिली आणि तिच्या डोक्यावरचं छत्र गेलं. यापुढे पायदळ, हेलिकॉप्टर, ड्रोन आणि इस्पितळ हे एकत्रच जायला हवं, नाहीतर मुळीच नको. आदेशाचा मसुदा बहुतेकदा परिषदेच्या पाच स्थायी सदस्यांपैकी काही जण लिहितात आणि अंमलबजावणी भारत, नेपाळ, बांगलादेश, रवांडा, पाकिस्तान करतात. सैनिक देणाऱ्यांशी सल्लामसलत होते ती बहुधा मसुदा पक्का झाल्यावर. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत सैनिक पुरवणाऱ्या देशांच्या लष्करप्रमुखांची परिषद झाली, ती मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. हे देश एकत्र येऊन एवढंच म्हणाले की 'करार कुणाकुणात झालाय, शेजारी देशांनी सही केलीय का, आणि रात्री जखमी सैनिकाला उचलायला काय आहे, हे आधी सांगा. मग पलटण मागा', तरी मसुदा लिहिणाऱ्यांना ऐकावं लागेल. कारण त्यांच्याकडे व्हेटो आहे, पण डोंगरात वर्षभर राहायला माणसं नाहीत.

या तीन प्रश्नांखेरीज तुम्ही पत्राच्या शेवटी हेही विचारलंय की एखादं नवं मिशन जाहीर झालं तर ते टिकेल की नाही हे ओळखायचं कसं. मी ठरावाची प्रस्तावना वाचत नाही. आधी सह्यांचं पान बघतो. मग नकाशा काढून सीमेपलीकडून रसद कुठून येऊ शकते ते बघतो. मग सैनिकांचा मंजूर आकडा आणि भूभागाचं क्षेत्रफळ शेजारी मांडतो, आणि सगळ्यात शेवटी, परिशिष्टात कुठेतरी असतो तो, स्थानिक दुभाषांसाठी ठेवलेल्या पदांचा आकडा शोधतो.